बुद्धीत ‘उणे दोन’ कशासाठी?

मैत्रिणींनो, घरात कॉलेजात जाणारं मूल असेल तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव कदाचित कानावर आलं असेल. नसेल आलं, तरी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ टीव्हीवर येता-जाता पाहिला असेलच. टोकदार कानांचे देखणे एल्फ, खाणीत राबणारे दाढीवाले बुटके ड्वार्फ, सुळे दाखवत अंगावर येणारे ऑर्क. असल्या जगात आपणच एखादं पात्र होऊन शिरायचं, असा हा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला.

याला कॉम्प्युटर लागत नाही. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात. वार बसला की हुकला, कुलूप उघडलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पण त्याआधी पात्र तयार करायचं असतं. ते कोणत्या वंशात जन्मलं? काय करतं, लढतं की मंत्रविद्या शिकतं? मग ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप या सहा गुणांना आकडे द्यायचे, साधारण तीन ते अठरा.

वंश ज्याचा त्याने निवडावा, हे सुरुवातीपासूनच होतं. पण त्या निवडीबरोबर काय गळ्यात पडायचं, ते ऐका. १९७४ च्या नियमांत माणसाला कितीही वर चढता यायचं. ड्वार्फ लढवय्या मात्र सहाव्या पायरीवर थांबायचा, त्याहून ठेंगणे हॉबिट चौथ्या. खेळातलं जग माणसांचंच राहावं, म्हणून ही व्यवस्था! बाकीच्यांनी यावं, पण आपली पायरी ओळखून.

आणि बायका? १९७८ च्या पुस्तकात तर चक्क तक्ता छापला होता. त्या ठेंगण्यांना आता हाफलिंग म्हणू लागले होते. त्यांच्या पुरुषाची ताकद जास्तीत जास्त १७, बाईची १४. एल्फ पुरुषाला १८ च्याही वर जाता यायचं, बाईला १६ च्या पुढे नाही. माणसांतही बाईची हद्द पुरुषाच्या अलीकडेच. बरं, ताकद कमी केली तर त्याबदल्यात दुसरा एखादा गुण वाढवून दिला असेल, असं वाटेल. तसंही नाही. म्हणजे ज्या खेळात राक्षस आग ओकतात, मेलेली माणसं मंत्राने उठतात, तिथेही बाईच्या दंडातली ताकद मात्र कुणीतरी मोजून ठेवलेली!

आपल्याला यात नवीन काय आहे म्हणा. ‘शिक, पण गावातल्याच कॉलेजात.’ ‘नोकरी कर, पण पाचच्या आत घरी ये.’ निवड आपल्या हातात देतात आणि पट्टी आधीच आखून ठेवतात. म्हणून मला वाटतं, वंश निवडायची मुभा दिली एवढ्याने भागत नाही. त्या वंशाबरोबर कुठवर जायचं हेही ठरवून दिलं असेल, तर निवडलं काय आणि न निवडलं काय, सारखंच.

बायकांच्या ताकदीचा तो तक्ता १९८९ च्या आवृत्तीत गेला. वंशाच्या पायऱ्या २००० साली गेल्या. पण त्याच २००० च्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क, म्हणजे ऑर्क आणि माणूस यांचं मूल, निवडलं की ताकदीत अधिक दोन आणि बुद्धीत उणे दोन, छापेतही उणे दोन. जन्मतःच! मंत्रविद्या चालते बुद्धीवर. म्हणजे या मुलाने मांत्रिक व्हायचं मनात आणलं तर सुरुवातच खड्ड्यातून. नियम म्हणत होता, ‘होऊ नको’ असं कुठे म्हटलंय? आपल्या समाजात जन्मावरून कोणाची बुद्धी किती हे ठरवणारे कमी झाले नाहीत. तेव्हा हा नुसता खेळ आहे, असं म्हणून मला सोडून देता येत नाही.

माझी भाची सुट्टीत मैत्रिणींबरोबर आमच्या ओसरीवर खेळते. तिचं पात्र ऑर्क मुलीचं, आणि ती मांत्रिक आहे. मी विचारलं, ‘‘अगं, इतकी सुंदर एल्फ सोडून ही सुळेवाली कशाला घेतलीस?’’ तर म्हणाली, ‘‘मावशी, हिला सुंदर नाही दिसायचंय, हिला अभ्यास करायचाय.’’ आजच्या नियमांत ते विनासायास जमतं. २०२० च्या एका पुस्तकाने वंशाचे अधिक गुण हवे तिथे लावायची मोकळीक दिली. २०२४ च्या नव्या पुस्तकात तर हे गुण जन्मावरून मिळतच नाहीत, आधीच्या आयुष्यात काय केलं त्यावरून मिळतात. शेतकरी होता? मग ताकद, दमसास आणि शहाणपण यांत वाढ. शेतात राबणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे कुणी समजावून सांगायला नको.

यावर जुने खेळणारे म्हणतात, सगळेच सारखे झाले तर एल्फ काय आणि ऑर्क काय, गंमत कुठे राहिली? हा प्रश्न खरा आहे. पण सगळे सारखे झालेले नाहीत. ड्वार्फला अजूनही अंधारात दिसतं. एल्फला झोप लागत नाही, चार तासांच्या ध्यानावर तो ताजातवाना होतो. हाफलिंगचा फासा एकावर पडला तर नशिबाने पुन्हा टाकता येतो. वेगळेपण असावंच, त्याशिवाय गोष्ट रंगणार कशी? तिथले लोक ऑर्कला बघून दारं लावून घेतात, हेही गोष्टीत असू दे. ती दारं कशी उघडायची, यातच तर खेळ आहे. फक्त तिच्या डोक्यात किती मावेल, ते पुस्तकाने आधी लिहून ठेवू नये. कुणाला मुद्दाम मठ्ठ पात्र खेळायची हौस असेल, तर त्याने बुद्धीला कमी आकडा खुशाल द्यावा. पण तो त्याने आपणहून द्यावा.

नव्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढून त्याजागी ‘प्रजाती’ असा अर्थाचा शब्द घातला आहे. त्यावर बरेच वाद झाले. मला विचाराल तर शब्दाचं एवढं नाही. पाटी बदलली आणि आतली पट्टी तीच राहिली तर काय उपयोग? पट्टी गेली, हे महत्त्वाचं.

तेव्हा तुमच्या घरी मुलं फासे घेऊन बसली तर ‘काय हा वेळेचा खेळखंडोबा’ म्हणण्याआधी जरा टेका शेजारी. एक कोरा कागद मागून घ्या. आपण कोण व्हायचं, कुठे जन्मायचं आणि काय शिकायचं, हे तिन्ही आपल्याच हाताने लिहायला मिळतं. आपल्यापैकी किती जणींना असा कागद मिळाला होता?