संगणकीय अक्षरचित्रे आणि संहितेचा प्रश्न

संगणकाच्या अक्षरचिन्हांतून रचलेली चित्रे ही केवळ हौशी करमणूक मानून साहित्याभ्यासकांना बाजूस सारता येणार नाहीत. संहिता नेमकी कशाला म्हणावे, हा पाठचिकित्सेचा मूलभूत प्रश्न ती नव्याने उपस्थित करतात.

१९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या ‘आस्की’ संकेतावलीत १२८ स्थाने होती. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकात ती २५६ झाली. वाढीव स्थानांत युरोपीय अक्षरांबरोबरच चौकटींच्या रेषा, भरीव ठोकळे आणि फिकट-गडद छटांची चिन्हे होती. १९९० नंतर ‘ॲसिड’सारख्या कलावंतगटांनी याच चिन्हांतून, ८० स्तंभांच्या पडद्यावर, १६ रंगांत चित्रसृष्टी उभी केली. चित्रबंधातील अक्षर आकृतीत बसूनही उच्चारले जाते. येथे चिन्हाचा उच्चार संपतो आणि आकार तेवढा उरतो.

अशा चित्राच्या फाइलीत आकार मात्र नसतात. असतात ते क्रमांक. २१९ हा क्रमांक मूळ संचात भरीव ठोकळा दाखवतो. विंडोजच्या पश्चिम युरोपीय संचात त्याच क्रमांकावर शिरोचिन्हयुक्त रोमन ‘यू’ येतो. नक्कलकाराचा एकही प्रमाद नसताना घडणारी ही पाठभ्रष्टता होय. अर्थात, चिन्हसंच हे संहितेचे बाह्य साधन नसून तिचेच अंग ठरते. १९९४ मध्ये ‘ॲसिड’ गटाकडून आलेल्या ‘सॉस’ पद्धतीत फाइलीच्या अखेरीस १२८ बाइटांत शीर्षक, कर्ता, गट व दिनांक नोंदवले जातात. पुढे तीत टंकाच्या नावाचीही सोय झाली. पोथीतील पुष्पिकेचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

मराठीने ही दक्षता घेतली नाही. १९९१ चे ‘इस्की’ मानक उपलब्ध असूनही, युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर परस्परविसंगत मांडणीच्या टंकांत जुळवला गेला. टंक हरवला की फाइल शाबूत राहूनही मराठी वाचता येत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर केले की प्रश्न मिटतो, हा युक्तिवाद अपुरा आहे. रूपांतर हेही एक संपादनच असते. ते तपासण्यासाठी मूळ प्रत लागते.

म्हणून संगणकीय मजकुराच्या संपादकाने मूळ फाइल, टंक आणि चिन्हसंच यांची नोंद पाठभेदांइतक्याच काटेकोरपणे ठेवली पाहिजे. ती नसेल तर अलीकडच्या मराठी ग्रंथांच्या मूळ फाइली जुन्या पोथ्यांहूनही दुर्बोध ठरतील.