बियाण्यावर नियमन हवेच, पण बांधापर्यंत पोहोचणारे

10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, कोणते बियाणे पेरायचे हे त्याचे त्याने ठरवावे, सरकारने मध्ये येऊ नये, असे त्यांचे म्हणणे. निंदणाच्या मजुरीने वाकलेल्या शेतकऱ्याचा त्रागा या मागणीमागे आहे आणि तो खरा आहे. मात्र त्यातून निघालेला ‘नियमनच नको’ हा निष्कर्ष शेतकऱ्याच्याच मुळावर येणारा आहे.

या पक्षाचा पहिला दाखला बीटी कापसाचा, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाचा. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली. त्या हंगामात देशात सुमारे 136 लाख गाठी कापूस झाला, 2013-14 मध्ये तो 398 लाख गाठींपर्यंत गेला. या वाढीत सिंचन, खते आणि नव्या कीटकनाशकांचाही वाटा होता, तरी बीटीने हिरव्या बोंडअळीला आवरले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कथा तिथे संपत नाही. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील शेते पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. अळी बीटीला दाद का देईनाशी झाली? बीटी शेताभोवती बिगर-बीटी कापसाच्या किमान पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते लावावे, असा नियम होता. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन अळीत प्रतिकारशक्ती तयार होणे लांबावे, हा त्याचा हेतू. त्यासाठी 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. ते किती शेतांत पेरले गेले, हे पाहायला कोणी फिरकले नाही. लांब मुदतीची संकरित वाणे आणि वेचणीनंतरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवलेले पीक, म्हणजे फरदड, यांनी अळीला वर्षभर खाद्य पुरवले.

अमेरिकेच्या नैऋत्य भागात याच अळीविरुद्ध बीटी कापूस होता. तिथे बिगर-बीटी कापूस लावण्याचा नियम वर्षानुवर्षे कसोशीने पाळला गेला, पुढे वंध्य पतंग सोडले गेले, शेतांवर नजर ठेवली गेली. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. तंत्रज्ञान दोन्हीकडे तेच होते. आपल्याकडे त्याची राखण झाली नाही.

दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. माझ्या शेतात मी काय पेरावे हा माझा प्रश्न, हे ऐकायला रास्त वाटते. पण पतंगाला सातबारा कळत नाही. माझ्या शेतात तयार झालेली प्रतिकारक अळी शेजाऱ्याचे बोंड खाते. माझ्या ग्लायफोसेट तणनाशकाचा फवारा वाऱ्याने बांधापलीकडे गेला, तर शेजाऱ्याची तूर जळते. ज्याचे परिणाम साऱ्या शिवाराला भोगावे लागतात, तो निर्णय एकट्याचा राहत नाही. शिवाय मान्यता नसलेल्या या बियाण्याच्या, म्हणजे ‘चोर बीटी’च्या, पाकिटाला पक्के बिल नसते. बियाणे उगवले नाही किंवा त्यात बीटीचा गुणच नसला, तर दाद कोणाकडे मागणार? 2017 नंतर शेतकऱ्यांनी भरपाईसाठी तक्रारी केल्या, त्या 2009 च्या महाराष्ट्र कापूस बियाणे कायद्याच्या आधारावर. कायद्याबाहेर गेलेल्या शेतकऱ्याला तोही आधार उरत नाही.

तिसरा मुद्दा अन्नाचा. अमेरिका 1990 च्या दशकापासून जनुकीय बदल केलेल्या पिकांचे, म्हणजे जनुकीय अन्न खाते, मग भीती कशाची? मान्यताप्राप्त जनुकीय अन्न इतर अन्नापेक्षा घातक असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, हे मला मान्य आहे. परंतु ही ग्वाही तपासून मान्य केलेल्या पिकांची आहे. 2000 मध्ये केवळ पशुखाद्यासाठी मान्य असलेला स्टारलिंक मका तिथे माणसांच्या खाण्यात सापडला, तेव्हा शेकडो उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. ज्या देशाचा दाखला दिला जातो, तिथेही नियमन आहेच.

मग बंदी हाच उपाय का? तोही नाही. जनुकीय पिके तपासणाऱ्या केंद्राच्या नियमन समितीने 2009 मध्ये बीटी वांग्याला अनुकूल कौल दिला आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी पर्यावरण मंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने 2013 मध्ये बीटी वांग्याला मान्यता दिली. जनुकीय मोहरीला 2022 मध्ये समितीची शिफारस मिळाली, 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे तिच्यावर मतभेद झाले. वर्षानुवर्षे ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही, या पोकळीतच चोर बीटीचा बाजार फोफावला. अनिर्णयाला सावधगिरी म्हणून गौरवणारेही त्या बाजाराला हातभार लावतात.

तेव्हा मागणी नेमकी करावी लागेल. प्रत्येक अर्जावर ठरलेल्या मुदतीत, कारणांसह निर्णय व्हावा. चाचण्यांची संपूर्ण माहिती, कंपनीच्या कपाटात न राहता, लोकांना मराठीतही वाचायला मिळावी. चाचण्या कंपनीच्या पैशाने पण स्वतंत्र संस्थेकडून, कोरडवाहू रानातही व्हाव्यात. परवानगीनंतर दर हंगामात तालुकावार अळीची प्रतिकारशक्ती मोजून आकडे जाहीर व्हावेत. वाण निकामी ठरले, तर कंपनीने भरपाई द्यावी. आणि खाणाऱ्याला लेबल मिळावे. बीटी कापसाच्या सरकीचे तेल 2002 पासून आपल्या पोटात जात आहे; जनुकीय अन्नाच्या नियमांचा मसुदा मात्र अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये काढला.

2024 च्या त्या निकालात दोन्ही न्यायमूर्तींचे एका गोष्टीवर एकमत होते: जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे. शेतकरी संघटनांनी आपली ताकद बेकायदा पेरणीऐवजी या धोरणासाठी लावावी, आणि त्यात मुदत, देखरेख व भरपाई ही तीन कलमे नसतील तर ते स्वीकारू नये.