जीव घाबरा होतो तेव्हा

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांनी गुजरातीतून जे शब्द उचलले, त्यांत ‘गभरामण’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला होते ती गभरामण, उन्हातून आल्यावर होते तीही गभरामण, आणि हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य घामाघूम होऊन सांगतो तीही गभरामणच. आपला ‘जीव घाबरा होणे’ हा वाक्प्रचार काही अधिक काटेकोर आहे असे नाही. दोन्ही भाषांनी भय आणि हृदय एकाच खुंटीला टांगून ठेवले आहे. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. पण छातीत खरोखरच कळ येते, तेव्हा हा मनाचा ताण की हृदयाचा विकार, हा प्रश्न घरातल्या घरात सोडविण्याचा मोह आपल्याला होतो, आणि तो मोह घातक आहे.

निजामपुऱ्यात आमच्या परिचयाचे एक दांपत्य आहे. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा टोरांटोत. घर विकून मुलाकडे जावे की येथेच राहावे, हा प्रश्न त्या घरात बरेच दिवस घोळत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर येऊन शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, तेव्हा तर मुलाने रोज फोनवर तोच धोशा लावला. त्या पावसाळ्यानंतर गृहस्थांच्या छातीत रात्री-अपरात्री दुखू लागले. डावीकडे टोचल्यासारखी कळ, घशाला कोरड, बोटांना मुंग्या, आणि आता आपण वाचत नाही अशी खात्री. तीन वेळा मध्यरात्री फतेगंज ओलांडून त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. ईसीजी झाला, रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली, पुढे पट्ट्यावर चालवून पाहण्यात आले. हृदय ठणठणीत निघाले. ‘हे दुखणे ताणाचे आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आनंद होण्याऐवजी गृहस्थांना अपमान वाटला. ‘म्हणजे मी ढोंग करतो की काय?’ असे त्यांनी आम्हांला विचारले.

ढोंग मुळीच नव्हे. चिंतेने ग्रासलेल्या मनुष्याच्या शरीरात ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. छातीच्या फासळ्यांमधील स्नायू नकळत आवळून धरले जातात आणि तासन्‌तास आवळलेला कोणताही स्नायू दुखणारच. श्वास उथळ व जलद होतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती दडपल्यासारखी वाटते. अन्ननलिकेचे आकुंचन आणि जठरातील आम्ल यांचाही हातभार लागतो. मग त्या वेदनेचे भय वाटते आणि भयाने वेदना वाढते. भीतीचा असा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि हळूहळू ओसरतो. पण ती दहा मिनिटे ज्याने काढली आहेत त्याला ती किती लांब असतात हे विचारावे.

वैद्यकालाही हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या छातीतील दुखणे व धडधड यांचे वर्णन डॉ. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. हृदय उघड रोगी नसतानाही हे तरुण हैराण झाले होते. पहिल्या महायुद्धात तीच लक्षणे पुन्हा हजारो सैनिकांत दिसली. त्यांना भित्रे म्हणून हिणवणारे तेव्हाही होते.

तथापि ताण म्हणजे निरुपद्रवी, असाही अर्थ कोणी घेऊ नये. लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांना हृदयशूळ होता आणि राग आला की तो उसळतो हे ते पुरते ओळखून होते. आपल्याला डिवचणाऱ्या कोणत्याही क्षुद्र माणसाच्या हाती आपला जीव आहे, अशा आशयाचे ते बोलत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत वादावादी झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयाला संताप हा जिना चढण्याइतकाच, किंबहुना अधिक जड जातो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीने धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंक्तीत मानसिक ताणालाही बसविले आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांहून काही वर्षे आधीच येतो, हेही त्याच पाहणीतून पुढे आले.

आणि ‘हाय खाणे’? आपल्या आज्या ‘त्याने मुलाची हाय खाल्ली’ असे म्हणत, तेव्हा शिकलेली माणसे हसत. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी एका विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे गोल बुडाचे, अरुंद तोंडाचे मडके. प्रियजनाचा मृत्यू, भूकंप अशा जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा काही काळ त्या मडक्यासारखा फुगतो. दुखणे हुबेहूब झटक्यासारखे, ईसीजी बिघडलेला, पण वाहिनीत झटक्याला कारण होईल असा अडथळा नाही. हा विकार विशेषेकरून पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना होतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, क्वचित कोणी दगावतोही. आज्यांचे निदान अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे.

आता त्या घरातील बाईंविषयी. यजमानांची तीन वेळची धावपळ त्यांनीच निभावली. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना त्या मधल्या पायऱ्यांवर थांबू लागल्या, जबडा जड होई, दम लागे, ‘घाबरल्यासारखे होते’ असे त्या म्हणत. घरातल्यांनी आणि शेजारणींनी एकमुखाने निकाल दिला की नवऱ्याच्या काळजीने बाईंना टेन्शन आले आहे. छातीत दुखते असे त्या कधी म्हणाल्याच नाहीत. यजमानांना तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सहज त्यांची चौकशी केली म्हणून गोष्ट उघडकीस आली. हृदयाच्या दोन वाहिन्या अरुंद निघाल्या, अँजिओप्लास्टी करावी लागली. स्त्रियांत आणि मधुमेहींत हृदयविकार असाच वेष पालटून येतो: कधी मळमळ, कधी केवळ दम, कधी पाठीत किंवा जबड्यात दुखणे. ज्या घरात एकाचे दुखणे ताणाचे ठरले, तेथे दुसऱ्याचेही तेच असेल असे समजणे किती सोपे, पाहा.

टोचणारी, बोटाने दाखविता येणारी, दाबल्यावर दुखणारी वेदना बहुधा हृदयाची नसते. उरोस्थीमागे दडपण येणे, ते श्रमाने वाढणे आणि विसाव्याने थांबणे हे बहुधा हृदयाचे लक्षण असते. पण या ‘बहुधा’वर कोणाचा जीव टांगून ठेवू नये. दडपण, घाम, दम, हाता-जबड्याकडे पसरणारी कळ यांपैकी काही असल्यास गॅसची गोळी घेऊन सकाळची वाट पाहत बसू नये. गुजरातेत २००७ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ती बोलवावी. स्वतः स्कूटर काढू नये. शेजाऱ्याची जिभेखालची गोळीही आपणहून घेऊ नये, तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. पहिला ईसीजी निर्दोष आला एवढ्याने भागत नाही, म्हणूनच डॉक्टर थांबवून घेतात. ‘ताण’ हा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी द्यायचा आहे.

तो एकदा नीट दिला गेला, की मग मात्र तपासण्यांची माळ लावू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा बंगळुरूच्या जयदेव हृद्रोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची रीघ लागली होती. भय समजण्यासारखे आहे. पण दिवसातून दहा वेळा रक्तदाब मोजणाऱ्याचा रक्तदाब मोजण्यानेच चढतो. श्वास सावकाश, लांबवून सोडण्याचा सराव, रोजचे चालणे, विचारांच्या सवयी उलगडून दाखविणारे समुपदेशन आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांची औषधे, यांनी हे दुखणे खरोखर आटोक्यात येते. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय सोडून द्यावा. हृदय वा फुप्फुस आजारी असल्यास तो जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना ‘गभरामण’ एवढेच न सांगता दुखणे कोठे, किती वेळ आणि काय करताना झाले ते सांगावे. जुने ईसीजी जपून न्यावेत, ताज्याशी ते ताडून पाहता येतात. त्यांचा कागद काही वर्षांत फिका पडून कोरा होतो, तेव्हा आजच त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून तारखेनुसार लावून ठेवाव्यात.