सहा दिवसांचे किती पैसे?

माझ्या बहिणीच्या मुलाने गेल्या वर्षी जुनी मोटार घेतली. गाडी पुण्याची, पहिला मालक नोकरदार, किंमत आवाक्यातली. केजमध्ये बहिणीच्या दारात ती उभी राहिली तेव्हा गल्लीतली पोरे भोवती जमली. बहिणीने काचेवर हात फिरवला आणि भाच्याला विचारले, "कागद सगळे झाले ना?" तो म्हणाला, "हो अम्मी, इन्शुरन्ससुद्धा काढला."

तिथेच घोळ झाला होता. गाडी विकून देणाऱ्या दलालाने त्याला घाईत सांगितले होते की मालक बदलला की जुना विमा संपतो, आत्ताच्या आत्ता नवा काढ. भाच्याने दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर पॉलिसी घेतली. सहाव्या दिवशी मी आरसी आणि कागद चाळत बसले होते. जुन्या मालकाच्या पॉलिसीला अजून आठ महिने शिल्लक होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १५७ असे सांगते की गाडी विकली गेली की तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भागही कंपनीच्या संमतीने नावावर होतो. मात्र जुन्या मालकाला मिळालेली नो क्लेम बोनसची सूट त्या माणसाची असते, गाडीची नसते. तेवढा फरक भरावा लागतो. म्हणजे थोडक्या पैशांत काम होत होते आणि पोराने एकाच गाडीचे दोन विमे काढून ठेवले होते.

जुनी पॉलिसी नावावर करून घेतली आणि नवी रद्द करायला फोन लावला. भाचा आत्मविश्वासाने म्हणाला, "फ्री लुकचे तीस दिवस असतात ना? सहाच झालेत." पलीकडून उत्तर आले की फ्री लुक गाडीला नसतो, आणि रद्द केल्यास पहिल्या महिन्याचे म्हणून २० टक्के रक्कम कापली जाईल. फोन ठेवून तो म्हणाला, "खाला, पैसे गए समझो."

हा अग्रलेख त्या एका वाक्यावर आहे.

आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून मी किंचित गोल करते. वर्षाचा हप्ता १०,९५० रुपये धरा. म्हणजे दिवसाला ३० रुपये. सहा दिवस विमा चालला, त्याचे झाले १८० रुपये. कंपनी कापत होती २,१९० रुपये. मधले २,०१० रुपये कशाचे, हा आमचा साधा प्रश्न होता.

फोनवरचा माणूस एका बाबतीत खरे बोलत होता. फ्री लुक ही सवलत आपल्याकडे आयुर्विमा आणि आरोग्य विम्यासाठी आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये तिची मुदत वाढवून पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवस केली. त्या मुदतीत पॉलिसी परत केली तर संरक्षण मिळालेल्या दिवसांचे पैसे, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढेच कापता येते. वाहन विम्याला अशी 'विचार करून बघा' मुदत नाही. ब्रिटनमध्ये मोटारीच्या विम्यालाही १४ दिवसांची अशी मुदत आहे. तिथे कंपनी वापरलेल्या दिवसांचे पैसे आणि वाजवी खर्च घेऊ शकते, मनाला येईल ती रक्कम नाही.

पण अर्धे खरे सांगून माणूस गप्प बसला की ऐकणाऱ्याचे नुकसान होते. आयआरडीएआयने ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विम्यासाठी मुख्य परिपत्रक काढले. वाहन विमा त्यातच येतो. त्यानुसार सामान्य ग्राहक आपली पॉलिसी मुदतीत केव्हाही रद्द करू शकतो आणि कारण देण्याची त्याला गरज नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात दावा केला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत द्यायचा आहे. पॉलिसी अनेक वर्षांची असेल तर ज्या वर्षांचे संरक्षण सुरूच झालेले नाही, त्यांचे पैसे परत करायचे आहेत. उलट कंपनीला मात्र ग्राहकाने फसवणूक केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पॉलिसी रद्द करता येत नाही, आणि तेव्हाही किमान सात दिवसांची नोटीस द्यावी लागते.

मग ते २० टक्के कुठून आले? ते जुन्या इंडिया मोटर टॅरिफमधले आहेत. त्या तक्त्यात एक महिन्यापर्यंत २० टक्के, दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के असे चढत जाऊन आठ महिन्यांनंतर पूर्ण वर्षाचा हप्ता कंपनीकडे राहत असे. त्यामागे काही कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पॉलिसी काढायला खर्च येतो, एजंटाला कमिशन जाते, आणि फक्त लांबच्या प्रवासापुरता विमा काढून नंतर रद्द करणारे महाभागही असतात. पण नियम बदलला की तक्ताही बदलायला हवा. नियम दिल्ली-हैदराबादेत बदलतो आणि केजच्या माणसाला फोनवर जुनाच तक्ता वाचून दाखवला जातो, ही खरी अडचण आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तरुण वाचकांपैकी बरेच जण इथेच चुकतात. आपली पॉलिसी रद्द करता येते याचा अर्थ गाडी विम्याशिवाय फिरवता येते असा नाही. कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. म्हणून गाडीला दुसरा विमा आहे, गाडी विकली आहे किंवा ती भंगारात गेली आहे असा पुरावा कंपनी मागते, आणि तो मागणे योग्यच आहे. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. दंडाचे सोडा. केज-अंबाजोगाई रस्त्यावर आपल्या गाडीखाली एखादा पायी चालणारा आला तर त्याच्या बायकापोरांना भरपाई कोण देणार? विमा असेल तर कंपनी. नसेल तर आपले घर, आपले शेत, आपल्या आईचे दागिने. हा विमा आपल्यासाठी नसून रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. तेव्हा आधी दुसरे संरक्षण पक्के करा, मगच पहिले रद्द करा. उलटे करू नका.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. आपल्या मोहल्ल्यात विम्याकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहींना तो धर्मात बसत नाही असे वाटते, म्हणून ते पोलिसांच्या भीतीने पैसे भरतात आणि कागद न वाचता डिकीत टाकतात. बाकीच्यांना तो सरकारी कर वाटतो, आणि कराची पावती कोण वाचतो? दोन्हीकडून परिणाम एकच होतो. करारावर आपले नाव असते, पण त्यात काय लिहिले आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

गंमत म्हणजे सौदा झाल्यावर विचार करायला वेळ मागणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. फिकहच्या पुस्तकांत 'खियार-ए-शर्त' या नावाने ती शेकडो वर्षे आहे. सौदा करतानाच अट घातली तर ठरलेल्या मुदतीत तो मोडता येतो. इमाम अबू हनीफा यांनी ही मुदत तीन दिवसांची मानली, तर त्यांचेच शिष्य अबू युसुफ आणि मुहंमद यांनी ठरवून घेतल्यास अधिक दिवसही चालतील असे म्हटले. कोकणातल्या शाफई बांधवांकडे 'खियार-ए-मजलिस' आहे, म्हणजे सौद्याच्या बैठकीतून उठेपर्यंत दोघांनाही माघार घेण्याची मुभा. विमा हलाल की हराम हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. मला एवढेच दिसते की विकणारा जाणकार आणि घेणारा अजाण असेल तर घेणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ द्यावा, हे शहाणपण बगदादच्या बाजारात होते आणि आजच्या संसदेच्या कायद्यातही आहे. ते वापरण्यात कसली लाज?

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. आपली किती तरी मुले गॅरेजमध्ये आहेत, जुन्या गाड्यांच्या व्यवहारात आहेत, विम्याची एजन्सी चालवतात. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपणच आहोत. "जुना विमा संपतो, नवा काढ" असे भाच्याला सांगणारा दलाल आपल्यातलाच होता. त्याला कमिशन मिळाले. तो वाईट माणूस नाही. त्यालाही कुणी तरी असेच सांगितले असेल. पण गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची जबाबदारी फक्त मोठ्या कंपनीची आणि आपण मात्र मोकळे, असे चालणार नाही. व्यवस्थेकडे बोट दाखवायचे तर आपला हात स्वच्छ हवा.

तिसरी गोष्ट ही की काही झाले की आपण दोनच वाक्ये बोलतो. "आपल्याला कोण विचारतो" किंवा "जाऊ दे, नशीब." भेदभाव होतो तिथे तो मांडलाच पाहिजे आणि हे मासिक तो मांडत आले आहे. पण हा २० टक्क्यांचा तक्ता नाव विचारून लावला जात नाही. तो धारूरच्या वंजारी शिक्षकालाही लागतो, नेकनूरच्या मराठा शेतकऱ्यालाही लागतो आणि आपल्यालाही. इथे आपण पीडित मुसलमान म्हणून उभे नसतो, पैसे मोजलेला ग्राहक म्हणून उभे असतो. नागरिक होण्याची सुरुवात अशाच छोट्या, कंटाळवाण्या अर्जापासून होते.

आम्ही काय केले ते सांगते. भाच्याने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मराठीत पत्र लिहिले आणि ईमेलने पाठवले. चारच वाक्ये होती. माझी अमुक क्रमांकाची पॉलिसी मी अमुक तारखेपासून रद्द करत आहे. या काळात मी कोणताही दावा केलेला नाही आणि गाडीला दुसरा वैध विमा आहे, प्रत जोडली आहे. आयआरडीएआयच्या ११ जून २०२४ च्या परिपत्रकानुसार उरलेल्या दिवसांचा हप्ता परत करावा. जास्त कपात करायची असल्यास ती कोणत्या नियमाने, हे लेखी कळवावे.

शेवटच्या वाक्याने काम केले. फोनवर कुणीही काहीही सांगू शकतो, पण लेखी उत्तराखाली सही करावी लागते. एकोणिसाव्या दिवशी सहा दिवसांचे पैसे वजा होऊन बाकी सगळी रक्कम खात्यात आली.

आली नसती तर? तर पुढचे दरवाजे उघडे होते. आयआरडीएआयचे 'बिमा भरोसा' हे संकेतस्थळ आणि १५५२५५ हा निःशुल्क क्रमांक आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या बीड जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त एका वर्षाच्या आत जायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे क्रमांक लिहून फ्रिजवर चिकटवा.

आमच्या मागण्याही लहान आहेत. वाहन विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या भागालाही पंधरा दिवसांची तरी फेरविचाराची मुदत द्या. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहा की आज रद्द केली तर किती रुपये परत मिळतील. मोबाइलवर पॉलिसी एका बोटाने घेता येते, तर रद्दही एका बोटाने करता आली पाहिजे. आणि न विचारता खुणा करून ठेवलेली जादा संरक्षणे बंद करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू टाकण्याला गैरव्यवहार म्हटलेच आहे.

कुणी म्हणेल, दोन हजार रुपयांसाठी एवढा अग्रलेख? आमच्या तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला विचारा, दोन हजार रुपये म्हणजे किती पहाटा. शिवाय प्रश्न फक्त रकमेचा नाही. जो मुलगा आज दोन हजारांसाठी "हे कोणत्या नियमाने?" असे विचारायला शिकतो, तो उद्या शिष्यवृत्ती अडली, रेशन कार्डातून नाव गळले, मतदार यादीत गोंधळ झाला, तरी तोच प्रश्न विचारेल.

भाचा आता गल्लीत इतरांच्या पॉलिसी वाचून देतो. परवा एक चाचा कागद घेऊन आले आणि सवयीने म्हणाले, "बेटा, पैसे तो गए ना?" तो म्हणाला, "चाचा, आधी तारीख बघू."