घरचा अभ्यास : अंगणांतील कोटिकोन

भूमितीच्या पुस्तकांत मुलांस दोन व्याख्या लागोपाठ भेटतात. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश, ते परस्परांचे कोटिकोन. ज्यांची १८० अंश, ते पूरककोन. परीक्षेच्या आदल्या रात्रीं नेमकी यांचीच अदलाबदल होते. मूल रडकुंडीस येतें, आणि आपण वडील मंडळी 'पुन्हां घोक' म्हणून मोकळे होतों. आमच्या मतें उणें मुलाच्या बुद्धींत नाहीं. तो कोन आपण त्यास कधीं दाखविलाच नाहीं, हें खरें उणें.

नाशिककरांस त्यासाठीं दूर जावयास नको. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिनमान व रात्रिमान समान असतां, अंगणांत सपाट जागीं बारा अंगुळांची काठी ओळंब्यानें उभी करावी. काठी व जमीन यांमधील कोन ९० अंशांचा, म्हणजे काटकोन. सावली सर्वांत आखूड होईल तो खरा मध्यान्ह. तो घड्याळाच्या बाराच्या ठोक्यास होत नाहीं. आपली प्रमाणवेळ ८२½ रेखांशाची, आणि नाशिक त्याच्या बरेंच पश्चिमेस. तेव्हां सावली सुमारें ४⅓ अंगुळें भरेल. पंचांगांतली पलभा ती हीच.

आतां काठीच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरा ताणावा व कोनमापक लावावा. टोकाशीं सुमारें ७० अंश, माथ्याशीं २०. दोन्ही काटकोनाहून लहान, म्हणून लघुकोन; मिळून ९०, म्हणून कोटिकोन. त्रिकोणाच्या १८० अंशांतून काठीच्या पायथ्याचा काटकोन वजा गेला, कीं उरलेल्या दोघांस ९० च वांटून घ्यावे लागतात.

माथ्याशीं जे २० अंश मिळाले, तो नाशिकचा अक्षांश. रात्रीं ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या जवळजवळ तितकाच वर दिसेल. त्याचा कोटिकोन जो ७० अंश, त्यास ज्योतिषग्रंथांत लंबांश म्हणतात.

पूरककोनही येथेंच आहे. मध्यान्हींचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून ७० अंश वर. तोच उत्तरेकडून मोजला, तर ११०. हा काटकोनाहून मोठा, म्हणून विशालकोन. दोहोंची बेरीज १८०, म्हणजे सरळकोन.

'कोटि' हा शब्द आपल्या घरचाच आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचला; त्यांतील कोटिज्या म्हणजे कोटिकोनाचीच ज्या. पुढें त्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. आमच्या घरांतून मात्र पंचांग आजोबांच्या कोनाड्यांत आणि भूमिती नातीच्या दप्तरांत, अशी फारकत झाली आहे. आजोबांनीं पलभा सांगावी, नातीनें कोन मोजावा; दोघांसही नवें कांहीं लाभेल.

मे महिन्याच्या २०-२१ तारखेस हाच प्रयोग पुन्हां करावा. मध्यान्हीं सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली पायथ्याशींच नाहींशी होते. तेव्हां मुलांस विचारावें : सूर्याची उंची ९० अंश झाली, मग तिचा कोटिकोन गेला कोठें? ज्यास याचें उत्तर देतां येईल, त्यास व्याख्या घोकावी लागणार नाहीं.