आपल्या मोहल्ल्याचे वय किती?

गेल्या हिवाळ्यात आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी मयतीला गेलो होतो. मोठा मोहल्ला, चिरेबंदी घरे, पुढे फरशी घातलेली अंगणे. पण निम्म्या घरांना कुलूप. जनाजा उचलायची वेळ आली तेव्हा खांदा द्यायला पुढे आलेले बहुतेक जण साठीच्या पुढचे निघाले. कबर खोदायला शेजारच्या वाडीतून मजूर बोलवावे लागले होते. मरहूमचे दोन्ही मुलगे आखातात, ते मोबाईलच्या पडद्यावर रडत होते. कब्रस्तान चढावर. दर दहा-वीस पावलांवर खांदे बदलत, दम खात आम्ही कसेबसे तिथवर पोहोचलो.

त्यानंतरच्या जुम्याला आम्ही घरी, बोईसरला होतो. मशीद भरून लोक बाहेर चटया अंथरून बसले होते. नमाज झाल्यावर सहज मागे वळून पाहिले. पांढऱ्या दाढ्या पहिल्या सफेत होत्या आणि तीही सफ पुरी नव्हती. मागे सगळी विशी-तिशीतली पोरे. कोणी रात्रपाळी करून आलेला, कोणी दुपारच्या पाळीला निघालेला. मनात आले, इथे खांद्यांची कमी नाही. मग दुसरा विचार आला: हे खांदे कोणत्या गावचे?

आज याच हिशेबाबद्दल बोलायचे आहे. माणसाचे जसे वय असते तसे गावाचे, जिल्ह्याचे, देशाचेही वय असते. ते मोजण्याच्या दोन रीती आहेत. सगळ्यांच्या वयांची बेरीज करून माणसांच्या संख्येने भागले की सरासरी वय मिळते. दुसरी रीत मध्य वयाची. सगळ्यांना वयाप्रमाणे एका सफेत उभे करा, धाकटा एका टोकाला, थोरला दुसऱ्या टोकाला. सफेच्या बरोबर मधोमध जो उभा असेल त्याचे वय ते मध्य वय. बोईसरच्या एखाद्या चाळीत बावीस वर्षांची आठ पोरे राहतात आणि शेजारच्या खोलीत शहात्तर वर्षांचे घरमालक. नऊ जणांचे सरासरी वय येते २८, मध्य वय मात्र २२. एका बुजुर्गाने सरासरी सहा वर्षांनी वर नेली, मध्य वय जागचे हलले नाही. म्हणून देशादेशांची तुलना करताना बहुधा मध्य वयच घेतात.

भारताचे मध्य वय साधारण २८ आहे. युरोपीय संघाचे २०२३ च्या सुरुवातीला ४४.५ होते. म्हणजे तिथले निम्मे लोक साडेचव्वेचाळीसच्या वरचे. पण युरोपातही सगळे देश सारखे नाहीत. इटलीचे मध्य वय ४८.४, तर आयर्लंडचे ३९.१ आणि सायप्रसचे ३८.४. एकाच संघात दहा वर्षांचे अंतर. आणि हे वय थांबून राहत नाही. २०१३ साली संघाचे मध्य वय ४२.२ होते, दहा वर्षांत ते २.३ वर्षांनी वाढले.

वाचकांना वाटेल, दहा वर्षांत दहा वर्षे का वाढले नाही? कारण माणूस दरवर्षी एक वर्षाने मोठा होतो, पण मोहल्ल्यात पाळणे हलतात, जनाजे निघतात, कोणी बिऱ्हाड घेऊन येतो, कोणी निघून जातो. जन्म, मृत्यू, येणे आणि जाणे, या चार गोष्टींवर गावाचे वय ठरते. आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्याच गोष्टीची, कोणाला किती मुले याची. येण्या-जाण्याकडे कोणी पाहत नाही. खरी मेख मात्र तिथेच आहे.

युरोपातलेच दोन देश घेऊ. जर्मनीत मुले फार कमी जन्मतात, तरी गेल्या दशकात त्या देशाचे मध्य वय पंचेचाळीसच्या आसपासच राहिले. कारण बाहेरून तरुण आले, त्यात २०१५ च्या सुमारास आलेले लाखो सीरियन. त्याआधी १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले होते. ‘दोन-चार वर्षे राहतील आणि परत जातील’ असा तेव्हाचा समज. त्यातले पुष्कळ जण राहिले, बायका-मुले आली, आणि तेव्हाचे ते तरुण आज तिथले म्हातारे आहेत.

दुसरा देश अल्बानिया. इथले जवळपास निम्मे लोक मुस्लिम. २०११ च्या जनगणनेत अल्बानियाचे सरासरी वय ३५.३ होते, २०२३ च्या जनगणनेत ४२.५ निघाले. बारा वर्षांत सात वर्षांनी म्हातारा झालेला देश! लोकसंख्याही २८ लाखांवरून २४ लाखांवर आली. मुले कमी झाली हे खरे, पण मोठे कारण म्हणजे तरुण इटली, ग्रीस, जर्मनीला गेले. तिथे त्यांनी परक्या देशाचे वय खाली ठेवले आणि स्वतःच्या देशाचे वर नेले. मागे उरले आई-बाप आणि परदेशच्या पैशांतून बांधलेली घरे. आमच्या डोळ्यांपुढे रत्नागिरीतला तो मोहल्ला उभा राहिला.

कोकणाला ही गोष्ट नवी नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९ झाली. सगळ्या महाराष्ट्राची वाढत असताना इथली घटली. दर हजार पुरुषांमागे बायका ११२२. म्हणजे कमावते पुरुष मुंबईला, आखाताला. मनिऑर्डर बंद झाली, आता पैसे मोबाईलवर येतात, एवढाच फरक.

आणि आपला पालघर? या एका जिल्ह्यात निरनिराळ्या वयांची गावे शेजारी शेजारी नांदतात. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे तरुणांचे गाव बनले. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून पोरे येतात, एका खोलीत सहा-आठ जण राहतात, पाळीप्रमाणे झोपतात. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हा नोकरदार कुटुंबेही इकडे सरकली. आता वाढवण बंदर उभे राहते आहे. त्यासोबत आणखी तरुण येतील.

पूर्वेला जव्हार-मोखाड्याकडे गेलात तर चित्र उलटे. दिवाळी झाली की आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात; पाड्यात म्हातारी माणसे आणि आजीजवळ ठेवलेली नातवंडे उरतात. पावसाळ्यात सगळे परतले की पाडा पुन्हा तरुण. एकाच पाड्याचे वय वर्षातून दोनदा बदलते. पश्चिमेला डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये पारशी आणि इराणी घरे आहेत. देशातल्या पारशांची संख्या २००१ साली ६९,६०१ होती, २०११ साली ५७,२६४ उरली. त्यांच्यात जवळपास दर तिसरा माणूस साठीच्या वरचा. शिकलेला, सुखवस्तू समाज. पण वय वाढत गेले आणि घरे रिकामी होत गेली.

‘आपल्याकडे असे व्हायचे नाही, आपल्याकडे मुले पुष्कळ,’ असे अजूनही काही बुजुर्ग म्हणतात. आकडे तसे सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ साली देशात एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत २.३६. आपल्याच घरात मोजून पाहा. दादांना सात भावंडे, अब्बांना चार, आपली मुले दोन. त्यातला एक दुबईला, एक पुण्याला. मग अम्मीजवळ कोण?

अम्मीचा उल्लेख मुद्दाम केला. मशिदीतल्या सफा मोजून मोहल्ल्याचे वय कळत नाही, कारण त्यात बायका नाहीत. बायका बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि जास्त जगतात, म्हणून एकटे म्हातारपण जास्त करून त्यांच्याच वाट्याला येते. आणि त्या म्हातारपणाची सेवा करते तीही बाईच, बहुधा एकटी सून, जिचे स्वतःचे गुडघे दुखू लागलेले असतात. युरोपात या कामासाठी पगारी माणसे आहेत, आणि तीही आता पुरत नाहीत. आपल्याकडे हे काम कोणाच्या हिशेबातच नाही.

म्हणून आमची विनंती आहे की मोजणी आपल्यापासून सुरू करावी. जमातीकडे वर्गणीची वही असते, मय्यत कमिटीचीही असते. तशीच एक वही बुजुर्गांची ठेवा. साठीच्या वरचे कोण, एकटे कोण राहते, औषध कोण आणून देते, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा. ही वही बायकांनी घरोघर जाऊन भरली तर खरी माहिती येईल.

दुसरे काम कागदांचे. आपल्या कितीतरी नाना-नानींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. वय विचारले की ‘लिहा साठ’, ‘लिहा पासष्ट’ असे चालते. त्यामुळे जनगणनेत साठ आणि पासष्टच्या आकड्यांवर गर्दी दिसते आणि एकसष्ट, चौसष्टचे जणू कोणी नसतेच. यात नुकसान आपलेच. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पासष्टीच्या वरच्या गरिबांना श्रावणबाळ योजनेचे वेतन आहे. वय कागदावर कमी लागले तर हे हक्काचे दार उघडत नाही. शाळेचा जुना दाखला, निकाहनामा, थोरल्या मुलाचे वय, जे हाती असेल त्यावरून खरे वय शोधा आणि नोंद दुरुस्त करून घ्या.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०२७ ची जनगणना ही या जिल्ह्याची स्वतःची पहिली जनगणना. मोजणारा दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाचे वय नीट सांगा. कोपऱ्यातल्या खाटेवर झोपलेल्या दादीचेसुद्धा.

आणि एक शेवटचे. बोईसरच्या मशिदीत मागच्या सफेत बसलेला पोरगा भेटला तर त्याला एवढेच विचारा, ‘गावी कोण असते, बेटा?’ आम्ही परवा एकाला विचारले. तो म्हणाला, ‘अब्बा आहेत, एकटेच.’ मग थोडे थांबून त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच मशिदीच्या पायरीवर बसून घरी फोन लावला.