रानाचा मोबदला

एका ठिकाणचें रान तोडलें तर दुसऱ्या ठिकाणीं तितकीं झाडें लावून द्यावीं म्हणजे हिशेब फिटला, असें आपल्या राज्यकर्त्यांचें, आणि खेदाची गोष्ट अशी कीं बऱ्याच सुशिक्षितांचेंहि, ठाम मत होऊन बसलें आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याप्रमाणें वनभूमि अन्य कामास द्यावयाची तर 'पर्यायी वनीकरण' करावें लागतें. त्यासाठीं जमणाऱ्या पैशाच्या व्यवस्थेकरितां २०१६ सालीं स्वतंत्र कायदाहि झाला. हीं झाडें शक्य तों जवळपास लावावीं, तेथें जमीन न मिळाल्यास राज्यांत अन्यत्र, आणि कांहीं प्रसंगीं परराज्यांतहि लावावीं, अशी सोय आहे. वरवर पाहतां यांत गैर कांहींच दिसत नाहीं. परंतु हा व्यवहार दुहेरी तोट्याचा आहे असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. जेथून रान जातें तें ठिकाण उजाड होतें, आणि जेथें तें आणून बसविल्याचा बहाणा होतो तें ठिकाणहि बिघडतें. या दुसऱ्या तोट्याची तक्रार पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतूनच व्हावयास हवी, म्हणून ती येथें मुद्दाम करीत आहों.

प्रथम मोठें उदाहरण घेऊं. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नगर वसविण्यासाठीं सुमारें १३० चौरस किलोमीटर वनभूमि देण्यास २०२२ सालीं तत्त्वतः मान्यता मिळाली. तें सदाहरित अरण्य; त्या बेटाच्या खाजणांत निपा नांवाचा माड वाढतो, आणि किनाऱ्यावर महाकाय समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात. या अरण्याच्या बदल्यांत झाडें कोठें लावण्याचें ठरलें? हरियाणांत! आमच्याकडे मढीच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो. तेथें गाढवाच्या बदल्यांत गाढव घेणारा साधा माणूसहि आधीं दांत पाहतो. अरण्याच्या अदलाबदलींत तेवढीहि चौकशी होऊं नये ना!

निकोबार दूर आहे म्हणून कोणी हें उदाहरण बाजूस सारील, तर महाराष्ट्राच्याच दक्षिण टोंकास जाऊं. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यांत हेवाळे-बांबर्डे येथें गोड्या पाण्याची एक दलदल आहे, आणि तींत रानजायफळाच्या जातीचे उंच वृक्ष उभे आहेत. चिखलांत मुळांना हवा मिळत नाहीं. म्हणून अशा दलदलींतले वृक्ष आपलीं कांहीं मुळें जमिनीच्या वर काढतात, आणि कित्येकांचीं तर गुडघा दुमडल्यासारखीं वर येऊन पुन्हां चिखलांत शिरतात. यांचें बीं मोठें व ओलसर. तें सुकलें कीं मेलें, त्यामुळें पोत्यांत भरून ठेवावें आणि पुढल्या वर्षीं सवडीनें पेरावें अशी सोय नाहीं. तें दूर नेणारा धनेशासारखा मोठा पक्षी हवा. तें पडेल तेथें ओल हवी, सावली हवी, आणि जवळून सावकाश वाहणारा झरा हवा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यांतील निरंकाराची राई याच कुळींतली. सह्याद्रीच्या पायथ्याशीं अशा दलदली पूर्वीं अधिक होत्या. परंतु सपाट जागा आणि हाताशीं पाणी पाहून माणसानें तेथें भाताचीं खाचरें आणि पोफळीच्या बागा केल्या. बांबर्ड्याची उरली ती गांवकऱ्यांनीं देवाच्या नांवानें राखली म्हणून. सरकारनें तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला तो या दशकांत. तिचें क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्याहि आंत.

हा दर्जा नसता आणि हा तुकडा एखाद्या प्रकल्पाच्या आड आला असता, तर त्याची किंमत काय झाली असती? वनांच्या 'निव्वळ वर्तमान मूल्या'चे दर सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरवून दिले; रानाचा प्रकार व दाटी पाहून ते हेक्टरीं ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ सालीं ते वाढले, तरी वरचा दर सोळा लाखांच्या आंतच राहिला. त्या दरानें संबंध दलदलीचे बेचाळीस लाखहि होत नाहींत. पुण्यांत एवढ्यांत मनाजोगें घर मिळत नाहीं.

त्याच दोडामार्गांत डोंगर उघडे करून रबराची लागवड झालेली आहे. २०१३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यांत वृक्षतोडीस मनाई केली, आणि २०२४ च्या मार्च महिन्यांत तेथील २५ गांवें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्यास केंद्र सरकारला चार महिन्यांची मुदत घालून दिली. परंतु खरी मौज पुढेंच आहे. देशाचें वनाच्छादन मोजणारा जो सरकारी अहवाल निघतो, त्यांत एक हेक्टराहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छाया असलेली कोणतीहि जमीन जमेस धरली जाते. मालकी कोणाची आणि झाडें कोणत्या जातीचीं हें पाहिलें जात नाहीं. अर्थात् अस्सल रान जाऊन तेथें रबर उभा राहिला तरी कागदावर कांहींच हरवत नाहीं. चोरी झाली आणि वहींत शिल्लक तीच!

आतां दुसरी बाजू. पाथर्डीचा गर्भगिरि आणि त्याच्या पायथ्याचे माळ उन्हाळ्यांत पाहणाऱ्यास भकास वाटतात. वाळलेलें कुसळी गवत, हिवर, बोर, तरवड, आणि मधून उघडे पडलेले दगड. सातबाऱ्यावर याचें नांव पोटखराब, लोकांच्या तोंडीं पडीक. मोबदल्याचीं झाडें लावावयास जागा शोधणाऱ्या अधिकाऱ्यास कोणत्याहि कोरड्या तालुक्यांतला असा माळ म्हणजे पर्वणीच. चर खणावे, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावावी, फलक रोवावा, छायाचित्र काढावें. परंतु माळ म्हणजे मेलेलें जंगल नव्हे. थोड्या पावसांत आणि वीतभर मातींत टिकून राहिलेली ती एक स्वतंत्र सृष्टि आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना उघडें मैदानच हवें. झाडोरा दाटला कीं त्यांचें घर मोडलें. याच जिल्ह्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य करावें लागलें, तें कशासाठीं याचा विचार हे वृक्षप्रेमी कधीं करतात काय? आणि चराईस बंदी झाल्यावर धनगरानें मेंढ्या कोठें न्याव्या, हा प्रश्न तर त्यांच्या आराखड्यांत येतच नाहीं.

यावर पाथर्डीचा माणूस म्हणेल कीं, आमचीं माणसें दरवर्षीं ऊस तोडावयास परमुलखीं जातात. आम्हांस जायफळाचें आणि जंगलाचें काय सांगतां? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच्या नळांत आहे. पाथर्डीला जायकवाडीच्या नाथसागरांतून पाणी येतें. नाथसागराला मिळणारी प्रवरा रतनगडाच्या अंगावर उगम पावते, आणि तिला मिळणारी मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूनें येते. हा सारा मुलूख आमच्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतला. १९८६ सालीं तेथें कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालें. तेथील हिरडा, जांभूळ, कारवी यांनीं उतारावरची माती धरून ठेविली आहे, म्हणून पावसाळा सरल्यावरहि ओढे कांहीं काळ वाहतात. ती झाडी तोडून तिच्या बदल्यांत पाथर्डींत रोपें लावलीं, तर त्या रोपांना घालावयाचें पाणीहि तेथूनच आणावें लागेल.

धरणें नकोत, रस्ते नकोत, असें म्हणणारे आम्ही नव्हे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याखालीं दरी बुडाली आणि त्याच्या पाण्यावर या जिल्ह्याची बागाईत उभी राहिली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तोडणें अटळ असेल तेथें तोडावें; पण 'भरून देतों' ही थाप सोडून, काय कायमचें गेलें याची उघड नोंद करावी. रानजायफळाच्या दलदली आणि देवाच्या राया यांना दरपत्रकांतून अजिबात वगळावें, मग त्या वारशाच्या यादींत असोत वा नसोत. जो गांवकरी काजू-रबराचें उत्पन्न सोडून राई राखतो त्याला या साठलेल्या निधींतून दरसाल पैसा मिळावा. खरा मोबदला त्याचा आहे. आणि आमच्या माळांवर चर खणण्यापूर्वीं ग्रामसभेला व मेंढपाळांना विचारावें, आणि महसुली दफ्तरांत त्यांची नोंद पोटखराब ऐवजीं गवताळ रान म्हणून करावी.